डाव्या बाजूची झीज

गिऱ्हाईक माझ्याकडे जुना कप आणतं ते सरळ धरून, दोन्ही हातांनी, आत चहा असल्यासारखं. मी तो घेतो आणि पालथा करतो. कपाची सगळी कुंडली बुडाला असते. कारखान्याचा शिक्का, नक्षीचा नंबर, रंगवणाऱ्याने ओढलेली एखादी बारीक रेघ. मग नखाने टिचकी मारायची. अस्सल बोन चायना असेल आणि अंगावर तडा नसेल तर आवाज लांबत जातो, तडा असेल तर तिथल्या तिथे बसतो. मग दिव्यासमोर धरून मागून बोटं फिरवायची, सावली दिसली पाहिजे. तीस वर्षं हेच करतोय. बाजारात मला टिचकीमास्तर म्हणतात, तोंडावर कौतुकाने आणि पाठीमागे वैतागून, कारण भाव सांगताना मी कुणाची भीडभाड ठेवत नाही. 'आजीची आठवण आहे हो,' असं कुणी म्हणालं की मी सांगतो, आठवण घरी घेऊन जा, कपाला तडा गेलाय.

हे मी आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला माझी फार दया यायला नको.

मागच्या मंगळवारी दुपारी एक बाई दुकानात आल्या. मागे रिक्षावाला, त्याच्या हातात लाकडी पेटी. बाईंचं वय पासष्टच्या पुढे, पण पाठ ताठ. पेटीचं झाकण उघडण्याआधीच मी ती ओळखली. आत हिरवं बनातीचं कापड आणि कपांसाठी बारा खण. ही पेटी मी सव्वीस वर्षांपूर्वी एका घरी जेवणाच्या टेबलावर उघडली होती. बाई त्या घरची सून. तेव्हा घरात सगळे तिला सूनबाई म्हणत, मीही तेच म्हणतो.

"ओळखलंत का मला?" तिने खुर्ची ओढत विचारलं. "तुम्ही आमच्याकडे आला होतात. तुम्हीच तर पकडलंत ते. बारातले सहा कप बदललेले आहेत म्हणून."

"ओळखलं," मी म्हणालो.

"हे गेले गेल्या वर्षी. मुलं लांब. एवढं काचसामान मी एकटी कुठे जपत बसू? सहा तर सहा, जे खरे असतील त्यांचा भाव सांगा. बाकीच्या सहांवर त्या आयाने हात मारला, त्याला आता काय करणार?"

ती आया म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. सूनबाईला हे ठाऊक नव्हतं. त्या घरात कुणालाच नव्हतं.

त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंना, म्हणजे हिच्या सासूला, सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांना झटका आला, डावी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यांचं करायला ताई तिथे राहिली. ताईचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आणि आजाऱ्याचं करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कूस बदलायची, अंग पुसायचं, चमच्याने भरवायचं. सुट्टीच्या दिवशी ती आई आणि मी राहत होतो तिथे यायची आणि मोठ्या बाईंचंच बोलत बसायची. 'बिचाऱ्या डावखुऱ्या,' एकदा म्हणाली, 'आणि गेला तो हात नेमका कामाचाच. आता कप धरायचं नाव नाही. मीच भरवते चमच्याने.' मी पेपर वाचत हूं हूं केलं. पण ते वाक्य डोक्यात कुठेतरी पडून राहिलं असणार, कारण आज ते जसंच्या तसं आठवतंय.

तेव्हा मी बत्तिशीतला. उस्तादाकडची उमेदवारी नुकतीच सोडून स्वतःचं दुकान थाटलेलं, आणि दुकानात माशीसुद्धा येत नव्हती. त्या घरात जुना टी-सेट विकायचं निघालं तेव्हा ताईनेच हळूच माझं नाव सुचवलं. कुणाकडून तरी ऐकलंय, पारख चांगली आहे म्हणे, असं. मला बजावून सांगितलं, "आपलं नातं बोलू नकोस हं. आयाचा भाऊ म्हटलं की तुझ्या शब्दाला काय वजन राहणार?" मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही. मोठ्या घरात जायचं आणि आपली बहीण तिथे आया आहे हे सांगावं लागू नये, हे मला बरंच वाटलं.

सेट सुंदर होता. पांढऱ्याशुभ्र अंगावर निळी वेल, काठाला सोन्याची कड. सहा कप दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात असायचे, सहा मोठ्या बाईंच्या खोलीत. मला दाखवायला बाराही पेटीत भरून आणले होते, ते टेबलावर टॉवेल अंथरून मांडले. मी ते सगळे पालथे केले. उस्तादाने शिकवलेलं तसंच. घरचे साहेब, म्हणजे मोठ्या बाईंचा मुलगा, समोर बसलेले, सूनबाई त्यांच्या शेजारी. मी भिंग काढलं. हातवारे जरा जास्तच करत होतो, पहिलंच मोठं काम होतं.

कपाटातल्या सहांवर जुना शिक्का, नुसता मुकुट. खोलीतल्या सहांवर मुकुटाखाली आणखी एक ओळ. कारखान्याने ती ओळ नंतर घालायला सुरुवात केली, हे मला पाठ होतं. टिचकीला बाराही सारखेच वाजले. मी म्हणालो, "हे सहा मूळचे. हे सहा नंतरचे. सेट अख्खा नाही."

"नंतरचे म्हणजे कधीचे?" साहेबांनी विचारलं.

इथे पारखणाऱ्याने तोंड सांभाळायचं असतं. शिक्का एवढंच सांगतो की कप अमुक सालाच्या आधीचा नाही. त्यानंतरचा कधीचाही असू शकतो, चाळीस वर्षांपूर्वीचा किंवा चार दिवसांपूर्वीचा. पण मला चमकायचं होतं. मी बुडाच्या कडेवरून बोट फिरवलं. कपाटातल्या कपांच्या कडेत वर्षानुवर्षांची करडी धूळ बसलेली. या सहांची कड कोरी पांढरी. मी म्हणालो, "अलीकडेच आलेले दिसतात."

अलीकडेच. हा एक शब्द.

त्या कडा पांढऱ्या होत्या कारण मोठ्या बाईंच्या खोलीतले कप कुणी वापरत नसतानाही ताई ते आठवड्यातून दोनदा सोड्याने घासून ठेवायची. हे मला सुचलं नाही. तिच्या स्वच्छतेचं आई नेहमी कौतुक करायची, मी घरी ते रोज ऐकायचो, तरी सुचलं नाही.

साहेबांनी विचारलं, "हे आईच्या खोलीत असतात. तिथे जाणारं कोण?" सूनबाईने दाराकडे बघितलं. दारात ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

मग जे व्हायचं ते झालं. जुने विकून नवे आणून ठेवलेस, कुणाला विकलेस, किती दिवस चाललंय हे. ताईने ट्रे खाली ठेवला नाही, तसाच हातात धरून उभी राहिली. मागच्या खोलीतून मोठ्या बाईंचा आवाज यायला लागला, आ, आ, असा, मोठमोठ्याने. सूनबाई म्हणाली, "पाणी हवं असेल." कुणी उठलं नाही. ताई दर वेळी आवाज आला की जायची, त्या दिवशी तिला जाऊ दिलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी भिंग डोळ्याला लावलं आणि एक कप उगाचच तपासत राहिलो.

मी तेव्हा म्हणायला हवं होतं की ही माझी बहीण आहे आणि ही असलं काही करणार नाही. म्हणालो असतो तर त्यांनी लगेच दोन आणि दोन चार केले असते. बहीण घरात, भाऊ जुन्या कपांच्या धंद्यात. मी मूग गिळून बसलो. ताईने माझं नाव घेतलं नाही. तिला वाचायचं असतं तर घेता आलं असतं.

पोलिसात दिलं नाही, एका कागदावर सही घेतली आणि त्याच दिवशी काढलं. पण बातमी घरोघर गेली. आजाऱ्याजवळ तिला परत कुणी ठेवलं नाही. ती एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात लागली, चादरी धुवायला.

आईने मला समोर बसवून विचारलं, "तू तिथे होतास ना? खरं सांग. घेतले तिने?"

मी म्हणालो, "कप बदललेले आहेत, एवढं खरं."

हे पारखणाऱ्याचं उत्तर होतं, मुलाचं नव्हे. आईने त्यातून काय घ्यायचं ते घेतलं. ताईला तिने घरात पाऊल ठेवू दिलं नाही. सात वर्षांनी आई अंथरुणाला खिळली, ताईला कुठून तरी कळलं, ती आली आणि खाली जिन्यापाशी उभी राहिली. आई म्हणाली, तिला वर आणू नकोस. मी जिना उतरून ताईला तसं सांगितलं. ती गेली. आठवड्याने आई गेली. त्यानंतर ताईची माझी गाठ नाही. फक्त तिचा पत्ता मी विचारून ठेवला होता.

आता मंगळवारचं सांगतो. सूनबाईने कप स्वतःच पेटीतून काढून माझ्या टेबलावर मांडले, सरळ. मी शिक्का वाचायला चष्मा शोधायला लागलो आणि तो सापडेना. हल्ली भिंगानेही चष्म्याशिवाय भागत नाही. खण उपसले, कागदांखाली बघितलं. तेवढा वेळ बारा कप माझ्यासमोर तोंडं वर करून उभे राहिले, आणि बुडाकडे बघता येत नाही म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सव्वीस वर्षांपूर्वी हे मी केलंच नव्हतं. एकही कप सरळ केला नव्हता.

नव्या शिक्क्याच्या एका कपाची सोन्याची कड एका ठिकाणी गेलेली होती. फुटलेली नाही, झिजलेली. कडेचं सोनं असं झिजायला रोजचे ओठ लागतात, रोजचं धुणं लागतं, आणि वर्षं लागतात. पंधरा, वीस. आत चमच्याने ढवळून ढवळून पडलेले बारीक ओरखडे. मी अंगठा फिरवला. मग ती झिजलेली जागा माझ्याकडे केली, जशी पिताना येते तशी. कपाचा कान डावीकडे आला.

मी पुन्हा करून बघितलं. कान डावीकडेच.

"तुमच्या सासूबाई डावखुऱ्या होत्या ना?" मी विचारलं.

"हो. का?"

"घरात आणखी कुणी?"

"कुणी नाही. त्यांचा कपही त्यांच्या खोलीतल्या ट्रेवर वेगळा असायचा, दुसऱ्या कुणी घेतलेला खपायचा नाही. तो बहुतेक हाच. आमच्या लग्नाआधीपासून त्या त्यातूनच..." ती थांबली. बाई मूर्ख नव्हती.

मी म्हणालो, "त्यांचा डावा हात झटक्यात गेला. आया आली ती झटक्यानंतर. आल्या दिवसापासून त्यांना चमच्याने भरवत होती. मग हा कप डाव्या हाताने इतकी वर्षं कुणी वापरला?"

तिने कप उचलून कान डाव्या हातात धरून बघितला.

"हे सहा कप त्यांनीच मागवून घेतलेले आहेत. मूळचे फुटले असतील, कारखाना तशी बदली पाठवायचा. तुम्ही त्या घरात यायच्या आधीची गोष्ट. चोरी झालीच नव्हती. मी चुकलो. आणि ती आया माझी बहीण आहे. सख्खी."

सव्वीस वर्षं जे वाक्य घशात होतं ते असं निघालं, दुकानात, दुपारी तीन वाजता, आणि काहीही झालं नाही. सूनबाईने एवढंच विचारलं,

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

तिने पदर सारखा केला. "आम्ही काही तिला पोलिसात दिलं नव्हतं हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "त्या दिवशी आई ओरडत होत्या ते..." आणि ते वाक्य तिने सोडून दिलं. उठताना विचारलं, "मग सेटचं काय? शनिवारी येऊ का?"

मी म्हणालो, हो, शनिवारी या.

ती गेल्यावर चष्मा सापडला. माझ्याच कपाळावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो कप रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात घातला आणि ताईच्या पत्त्यावर गेलो. तिसरा मजला, लांब गच्चीवजा वाट, एकसारखी दारं. दार उघडं होतं. ताई खाटेवर बसून उशांचे अभ्रे घड्या घालत होती. केस पार पांढरे. हात सोड्याने आणि गरम पाण्याने असे झालेले की नखं नुसती नावाला. तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, की ओळख पटवायची नव्हती, कळेना.

"छोट्या का?" ती म्हणाली. "जाड झालास."

मी खाली बसलो. तिने बस म्हटलं नव्हतं. कप काढून तिच्या हातात दिला आणि भडाभडा सगळं सांगितलं. शिक्का, कड, कान डावीकडे. माझं बोलणं गिऱ्हाइकाला समजावल्यासारखंच होत होतं, ते मला ऐकू येत होतं, पण दुसरं कसं बोलायचं ते येईना. ती ऐकताना कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. झिजलेल्या जागेवर अंगठा आपोआप थांबला.

"हा त्यांचा," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे. मी घासायचे ना."

"म्हणजे तुला तेव्हाच..."

"त्या घरात आले तेव्हापासून तो असाच होता. मला काय शिक्के कळतात? पण कप जुना आहे एवढं कुणालाही कळेल. मला वाटलं तू कप सरळ करशील. तू एवढा शिकलेला. मी दारात ट्रे घेऊन वाट बघत होते, आता करेल, आता करेल." ती हसल्यासारखी झाली. "हात भरून आले माझे."

मला रडू आलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस रडतो तेव्हा ते बघवत नाही, तिने बघितलंही नाही. घडी मोडलेला अभ्रा पुन्हा घालत राहिली.

"ताई, मी चुकलो."

"कपाचं काय घेऊन बसलास? कपात कुणीही चुकेल. तू मला ओळख दाखवली नाहीस." आवाज चढला नव्हता. "हा कप त्यांना विचारून आणलास का?"

"नाही."

"मग परत ठेव जा. एक कमी भरला तर माझ्याच नावावर यायचा." तिने उठून कप नळाखाली धुतला, आतून, बाहेरून, बुडाची कड अंगठ्याने घासून, आणि अभ्र्याच्या टोकाने पुसून माझ्या हातात दिला. "सूनबाईंना सांगितलंस म्हणतोस. मी तुझी कोण ते पण सांगितलंस?"

"सांगितलं. आणखी तू म्हणशील त्याला सांगतो. ज्यांच्या ज्यांच्या घरी तू काम मागायला गेलीस त्या सगळ्यांना जाऊन सांगतो. लिहून देतो."

"ते नको," ती म्हणाली. "एकीलाच सांग. आईला."

"ताई, आई जाऊन एकोणीस वर्षं झाली," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. आईला जाऊन सांग. आणि वर ये म्हणाली की खाली येऊन मला निरोप दे, मागे दिला होतास तसा. मी अजून जिन्यापाशीच उभी आहे."

एवढं बोलून ती पुन्हा खाटेवर बसली आणि पुढचा अभ्रा घेतला. मग मी कप रुमालात गुंडाळला आणि उठलो.